नियमाचा उत्तरार्ध

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला निघालो की छातीशी टांगलेली ती छोटी सोनेरी डबी मला आहे त्याहून जड वाटते. वजन म्हणाल तर काहीच नाही. पिक्स म्हणतात तिला. तळहातात सहज मावते. आत शुभ्र फडके आणि मोजून घेतलेल्या ओस्ती. आमच्या धर्मग्रामात अंथरुणाला खिळलेली चौदा-पंधरा माणसे आहेत. केळीच्या बागांमधल्या पायवाटेने त्यांच्या घरी पोहोचावे तो मेजावर धुतलेले कापड अंथरलेले असते, मेणबत्ती तेवत असते आणि एखादी आजी पहाटेपासून डोक्यावर पदर घेऊन उशीला टेकून बसलेली असते. महिन्यातून एकदा येणाऱ्या त्या दहा मिनिटांसाठी माणूस किती वाट पाहू शकतो, हे मी सेमिनरीत नव्हे, या घरांत शिकलो.

याच डबीविषयी एका तरुणाने मला एक प्रश्न विचारला होता. २०१२ सालच्या उपवासकाळातली ती गोष्ट. मुलगा आमच्याच धर्मग्रामातला, जहाजावर इंजिन विभागात मोटरमन म्हणून नुकताच लागलेला. नऊ महिन्यांचा करार होता आणि ईस्टर त्याला समुद्रावर येणार होता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो आशीर्वाद घ्यायला आला आणि बराच वेळ चुळबुळ करून म्हणाला, "फादर, एक विचारू? आजाऱ्यांना नेता तसा ख्रिस्तप्रसाद मला थोडा बरोबर नेता येईल का? फार नको. ईस्टरपुरता."

मी नाही म्हणालो. नुसते नाही म्हणालो असतो तर एक वेळ चालले असते. मी त्याला कारणमीमांसा ऐकवली. गोरेगावच्या सेमिनरीत असताना कॅनन लॉ हा माझा आवडीचा विषय होता आणि त्या विषयातले गुण मी अजूनही विसरलेलो नाही, ही माझी एक दुर्बलताच समजा. कॅनन क्रमांक ९३५ सांगतो की, पवित्र साक्रामेंत कोणालाही स्वतःजवळ बाळगता येत नाही किंवा प्रवासात बरोबर नेता येत नाही. हे मी त्याला क्रमांकासकट सांगितले. जहाजावरची अस्वच्छता, विटंबनेची शक्यता, आध्यात्मिक ख्रिस्तप्रसादाची थोर परंपरा, हेही सारे सांगितले. तो "बरं, फादर" म्हणाला. मी त्याला एक जपमाळ आशीर्वादित करून दिली. तो गेल्यावर, साक्रामेंताविषयीचा आदर आज एका तरुणाच्या मनावर बिंबवला, असे समाधानही मला वाटल्याचे स्मरते.

चार वर्षे गेली. २०१६ मध्ये एका इंग्रजी कॅथलिक नियतकालिकात मी अमेरिकन अंतराळवीर माईक हॉपकिन्स यांच्याविषयी वाचले. मिसुरी राज्यातल्या एका शेतावर वाढलेला, मेथॉडिस्ट घरातला हा माणूस पुढे हवाई दलात अधिकारी झाला. पत्नी आणि दोन्ही मुलगे कॅथलिक. २०१२ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, हॉपकिन्स यांनीही कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. त्यानंतर वर्षभराच्या आतच, २५ सप्टेंबर २०१३ रोजी, ते दोन रशियन सहकाऱ्यांबरोबर बायकोनूरहून सोयुझ यानाने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे झेपावले. मुक्काम जवळजवळ सहा महिन्यांचा. नव्यानेच लाभलेला ख्रिस्तप्रसाद लगेच सहा महिने अंतरणार, ही कल्पना त्यांना सोसेना. त्यांनी आपल्या धर्मगुरूंना विचारले. प्रश्न वर गेला आणि गॅल्व्हेस्टन-ह्यूस्टनच्या महाधर्मप्रांताने खास परवानगी दिली. सहा ओस्ती, प्रत्येकीचे चार भाग. म्हणजे चोवीस तुकडे, दर आठवड्याला एक. हॉपकिन्स ११ मार्च २०१४ रोजी परतले तेव्हा त्यांचे १६६ दिवस भरले होते. आठवडे मोजून पाहा, चोविसाला जेमतेम दोन दिवस कमी. कोण्या धर्मगुरूने कागदावर हा हिशेब मांडला असेल, ते मी कितीदा तरी डोळ्यांपुढे आणले आहे.

स्थानकावरचे जीवन बाहेरून पाहताना मोहक दिसते. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, ताशी २८,००० किलोमीटरच्या वेगाने ते घर फिरत असते आणि दर नव्वद मिनिटांनी एक प्रदक्षिणा पुरी करते. चोवीस तासांत सोळा वेळा सूर्य उगवतो. प्रातःकाळची प्रार्थना कोणत्या प्रातःकाळी म्हणायची, हा प्रश्न तिथे विनोदाचा राहत नाही! म्हणून तिथले घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर लावलेले असते आणि रविवार घड्याळ सांगेल तेव्हाच येतो. स्थानकाला कुपोला नावाचा सात खिडक्यांचा एक सज्जा आहे. त्यातून खाली पृथ्वी सरकताना दिसते. हॉपकिन्स यांनी तिथेही ख्रिस्तप्रसाद घेतला. सहकाऱ्यांना ते ठाऊक होते आणि त्यांनी त्याचा मान राखला.

पण ओळीच्या मधोमध थांबून मी पुन्हा वाचले ते डिसेंबरचे प्रकरण. ११ डिसेंबर २०१३ रोजी स्थानक थंड राखणाऱ्या दोन अमोनिया यंत्रणांपैकी एक बिघडली. एक पंप बदलणे भाग होते. घरातल्या फ्रीजएवढे, जमिनीवर सुमारे साडेतीनशे किलो भरेल असे ते धूड, आणि ते बसवायचे बाहेरच्या पोकळीत. त्याआधी पाचच महिन्यांपूर्वी, जुलैमध्ये, लुका पार्मितानो हे इटालियन अंतराळवीर असेच बाहेर काम करत असताना त्यांच्या शिरस्त्राणात पाणी साचू लागले होते. एक लिटरहून अधिक पाणी, नाकातोंडापर्यंत आलेले. हाताने पुसावे तर काच मध्ये. ते आंधळ्यासारखे चाचपडत आत परतले. तेव्हापासून अमेरिकन पोशाखातला कोणीही बाहेर पडला नव्हता. आता हॉपकिन्स आणि रिक मास्ट्राकियो यांना जायचे होते. शिरस्त्राणात मागच्या बाजूला पाणी शोषणारी गादी लावली आणि तोंडाजवळ श्वासासाठी एक प्लास्टिकची नळी बसवली. एवढीच काय ती नवी तजवीज. हॉपकिन्स त्यापूर्वी कधीच यानाबाहेर गेले नव्हते.

२१ डिसेंबरला ते गेले, आणि पुन्हा २४ ला, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीच्या मिस्साची तयारी चाललेली असते त्या दिवशी. दुसऱ्या खेपेला नळ्या जोडताना अमोनियाचे हिमकण भोवती उधळले. दोन्ही मिळून तेरा तासांना दोनच मिनिटे कमी एवढा वेळ ते दोघे बाहेर होते. दोन्ही वेळा पोशाख चढवण्यापूर्वी हॉपकिन्स यांनी त्या चोविसांतला तुकडा ग्रहण केला होता. दार उघडून त्या निर्वातात पाऊल टाकताना येशू बरोबर आहे हे जाणणे आपल्याला महत्त्वाचे होते, अशा आशयाचे त्यांनी पुढे सांगितले.

मासिक मिटले आणि मी कपाटातून १९८३ ची कॅनन लॉची संहिता काढली. नियम ९३५. मी सांगितले होते तेच तिथे होते; पण वाक्य तिथे संपत नव्हते. धर्मसेवेची निकड असेल आणि बिशपांनी घालून दिलेल्या अटी पाळल्या जात असतील तर ही मनाई लागू नाही, असा त्याचा उत्तरार्ध आहे. तो मला पूर्वी माहीत नव्हता असे कसे म्हणू? परीक्षेत मी तो लिहिला असेल. पण त्या संध्याकाळी तो मला सुचला नाही, आणि खरे सांगायचे तर सुचवून घ्यावासा वाटला नाही. बिशपांना पत्र लिहायचे, उत्तराची वाट पाहायची, त्या मुलाला डबी कशी हाताळायची ते शिकवायचे. नियमाचा पूर्वार्ध त्या मानाने किती सोपा होता!

मग मनाने वकिली सुरू केली. अंतराळवीर म्हणजे जगाच्या नजरेतला माणूस, त्याची गोष्ट निराळी. त्याचे यान निर्मळ, आपल्या पोराचे इंजिनरूम तेलकट. पण ही वकिली टिकेना. अंतराळात एका वेळी जेमतेम दहा-बारा माणसे असतात. समुद्रावर लाखो, आणि त्यांतले कॅथलिक किती तरी. ख्रिस्तसभेला त्यांचा विसर पडला आहे असेही नाही. १९२० साली ग्लासगोमध्ये सुरू झालेली दर्यावर्दींची सेवा आज 'स्टेला मारिस' नावाने जगभरच्या बंदरांत काम करते. विसर पडला होता तो मला, माझ्या खुर्चीत बसून. हॉपकिन्स यांनी विचारले आणि धर्मगुरूंनी प्रश्न वर नेला. आमच्या मुलाने विचारले आणि तो प्रश्न माझ्या मेजापाशीच संपला.

तरीही मी त्याला लगेच काही बोललो नाही. तो रजेवर यायचा, मिस्साला मागच्या बाकावर बसायचा, पुन्हा जायचा. धर्मगुरूने आपली चूक मान्य करणे हे आम्हाला इतरांची पापे ऐकण्याहून फार कठीण जाते.

पुढे २०२० उजाडले. तो ऑक्टोबर २०१९ मध्ये जहाजावर चढला होता आणि जुलैमध्ये त्याचे साइन-ऑफ व्हायचे होते. महामारीमुळे बंदरांनी माणसे उतरवून घेणे थांबवले. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात करार संपूनही जहाजावरच अडकलेल्या दर्यावर्दींची संख्या चार लाखांच्या आसपास गेली होती. जहाज धक्क्याला लागे, समोर शहराचे दिवे दिसत, आणि शिडी मात्र खाली सुटत नसे. ऑगस्टमध्ये त्याची आई वारली. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. मी मातीचे विधी केले आणि त्याच्या बायकोने थरथरत्या हाताने फोन धरून ठेवला. पडद्यावर त्याचा चेहरा मधूनच गोठत होता. शेवटच्या प्रार्थनेला संपर्क तुटला. ती बहीण मला फाटकाशी म्हणाली, "फादर, तिकडे त्यांच्याजवळ कोणीच नाही." मी म्हणालो, "देव आहे." उत्तर बरोबर होते, आणि तरीही मान वर करून ते मला देता आले नाही.

त्या रात्री मला पाओलो नेस्पोली आठवले. हे इटालियन अंतराळवीर २०११ च्या मे महिन्यात स्थानकावर असताना त्यांची आई निवर्तली. जाणे शक्यच नव्हते. २१ मे रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी व्हॅटिकनमधून स्थानकाशी संवाद साधला. पोपमहोदयांनी अंतराळातल्या माणसांशी असे बोलण्याची ती पहिलीच वेळ. त्या वेळी वर बारा जण होते. विज्ञान, शांती, पृथ्वीची नाजूक स्थिती असे विषय झाले आणि अखेरीस ते इटालियनमध्ये नेस्पोलींकडे वळले. आई गेल्याचे आपल्याला कळले आहे, आपण तिच्यासाठी प्रार्थना केली आहे, हे दुःख तुम्ही कसे सोसलेत, असे त्यांनी विचारले. नेस्पोली तीनच दिवसांनी पृथ्वीवर परतले. आमच्या मुलाला परतायला आणखी पाच महिने लागले आणि त्याला कोणी विचारले नाही. मीही नाही; फोन नंबर माझ्याजवळ असून.

त्याच नोव्हेंबरात एक योग जुळून आला. महाराष्ट्र शासनाने प्रार्थनास्थळे उघडायला १६ नोव्हेंबरपासून परवानगी दिली. मार्चपासून बंद असलेली देवळाची कुलपे काढायला मी त्या सकाळी लवकर उठलो. सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या होत्या, बाकांवर अंतराच्या खुणा चिकटवल्या होत्या. सहाला तीन मिनिटे असताना फोनवर फ्लोरिडातून एक यान उडताना पाहिले. तिथे आदली संध्याकाळ होती. यानाचे सेनापती माईक हॉपकिन्स, दुसऱ्यांदा निघालेले. यानाला चौघांनी नाव दिले होते 'रेझिलियन्स'. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द मला सापडलेला नाही. चिकाटीत पुष्कळ ताठपणा आहे आणि सोशिकतेत फार वाकणे. वादळात आडवा होऊन पुन्हा उभा राहणारा आमच्या बागेतला पोफळीचा सोट, तेवढाच काय तो जवळचा. वर पोहोचल्यावर स्थानकात सात माणसे आणि झोपण्याच्या खोल्या सहा, तेव्हा सेनापती महाशय सहा महिने आपल्या यानातच झोपले. एरवी अशा बातम्यांत मला हसू येते. त्या दिवशी कुलूप उघडताना डोळे भरून आले होते.

अलीकडे बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स यांची कथा साऱ्यांनी वाचली. सुनीताबाईंचे वडील गुजरातमधले, म्हणून आपल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्याबद्दल भरभरून लिहिले, आणि ते योग्यच होते. विल्मोर यांच्याबद्दल मात्र कमी आले. ते टेक्सासमधल्या एका बॅप्टिस्ट चर्चचे वडील मंडळी आहेत. ५ जून २०२४ रोजी दोघे सुमारे आठ दिवसांसाठी गेले. यानातून हेलियम गळू लागला, दिशा देणारी काही इंजिने दगा देऊ लागली आणि ते यान सप्टेंबरमध्ये रिकामेच परत आणले गेले. दोघे उतरले १८ मार्च २०२५ ला. आठ दिवसांचे २८६ दिवस झाले. त्या काळात विल्मोर आपल्या चर्चची उपासना वरून पाहत, आजारी सभासदांना फोन करत. धाकटी मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात होती, तिचे ते वर्ष हुकले. तरी आपण अडकलो आहोत असे ते म्हणायला तयार नव्हते. देवाच्या योजनेवर त्यांचा भरवसा होता. असे बोलणे घरी बसून सोपे असते, म्हणून मी त्यावर प्रवचन दिलेले नाही. पण अडकलेला माणूस खालच्या आजाऱ्यांना फोन करतो, हे मात्र मी मनात जपून ठेवले आहे.

आमचा मुलगा जानेवारी २०२१ मध्ये परतला. विलगीकरणाचे दिवस संपताच आईच्या कबरीवर गेला आणि तिथून सरळ माझ्याकडे आला. मी त्याला बसवले आणि नऊ वर्षांपूर्वीची संध्याकाळ त्याच्यापुढे मांडली. हॉपकिन्स यांची हकिकत सांगितली, संहिता उघडून उत्तरार्ध वाचून दाखवला आणि क्षमा मागितली.

त्याने खिशातून जपमाळ काढली. तीच. खाऱ्या हवेने साखळी गंजून तुटली होती, तिथे त्याने नायलॉनची दोरी ओवली होती. म्हणाला, "फादर, आमच्या जहाजावर अकरा फिलिपिनो होते. रविवारी मेसरूममध्ये जमून रोझरी म्हणायचो, वाचन करायचो. एकदा पॅसिफिक ओलांडताना लागोपाठ दोन रविवार आले, तर ते म्हणाले दोन्ही पाळू. परतीच्या वेळी रविवार आलाच नाही." तो हसला. मग थांबून म्हणाला, "तुम्ही तेव्हा दिला असता, तर मी एकटाच घेणार आणि ते अकरा जण बघत बसणार. ते कसं करायचं, फादर?"

या प्रश्नाला ९३५ मध्ये उत्तर नव्हते. पण १९९४ च्या एप्रिलमध्ये 'एंडेव्हर' यानात तीन कॅथलिक होते: सिड गुटिएरेझ, टॉम जोन्स आणि केव्हिन चिल्टन. चिल्टन हे ख्रिस्तप्रसादाचे नेमलेले असाधारण सेवक. उड्डाणातल्या एका रविवारी त्यांनी डबी उघडली आणि तिघांनी मिळून ग्रहण केले. सेवक नेमता येतो. बिशपांचा शब्द हवा एवढेच.

पत्र लिहायला मला आणखी काही काळ लागला, तो सारा आळस माझा. बिशपांनी त्याला भेटीस बोलावले. डबी कुठे ठेवशील, असे विचारले. केबिनमधल्या कुलुपाच्या खणात, म्हणाला. जहाजाला आग लागली, सोडायची वेळ आली तर? त्याने क्षणभर विचार केला. "तर आधी सगळे मिळून ग्रहण करू, बिशप. मग बोटीत उतरू."

आता तो शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येतो. पुढच्या महिन्यात जहाज आहे, सहा महिन्यांसाठी. अभिषेक न केलेल्या ओस्ती घेऊन आम्ही सराव करतो. तेल मुरलेली त्याची जाड बोटे; दोन तुकडे नीट होतात, चार करताना कण सांडतात आणि तो घाबरून ते ओल्या बोटाने टिपतो. परवा पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. सव्वीस आठवडे आणि माणसे समजा बारा, तर तीनशे बारा तुकडे. चारने भागले तरी अठ्ठ्याहत्तर ओस्ती. डबीत बारा-पंधराहून अधिक मावत नाहीत.

"दर रविवारी नको," तो म्हणाला, "पहिल्या शुक्रवारी ठेवू. आजाऱ्यांसारखं." मग पेन्सिल थांबवून म्हणाला, "पण किती जण असतील ते चढल्याशिवाय कळणार नाही. वीस निघाले तर?"

मी उठून कपाटातली मोठी डबी शोधू लागलो.